गाण्याचें गांव

आमची आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे, त्या कोणीं रचल्या हें तिला ठाऊक नव्हतें. आणि तें ठाऊक असावें असें तिला कधीं वाटलेंहि नाहीं. तिच्या आईनें म्हटल्या, तिनें म्हटल्या, पुढें माझ्या आईनें म्हटल्या. मध्यें कोठें तरी माहेरच्या नदीचें नांव गळून तेथें सासरची नदी आली, तरी कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. गाण्याचें गांव गाणाऱ्याबरोबर बदलतें, असाच आपल्याकडील एकंदर समज. त्यामुळें एका गाण्याचें मूळ गांव ठरविण्यासाठीं एका वकिलानें गांवोगांव हिंडावें, म्हाताऱ्यांच्या साक्षी घ्याव्या आणि साठ वर्षांपूर्वींचीं वर्तमानपत्रें धुंडाळावीं, हें मीं प्रथम वाचलें तेव्हां मला थोडें हंसूंच आलें. पुढें तें हंसूं ओसरलें. त्याचें कारण सांगावयाचें तर आमच्या घरांतील एक गोष्ट आधीं सांगितली पाहिजे.

माझा पुतण्या गेलीं सोळा-सतरा वर्षें अमेरिकेंत, कॅन्सस संस्थानांतील विचिटा शहरीं राहतो. तें शहर विमानांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध आहे, आणि तोहि त्याच धंद्यांत आहे. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा दर रविवारीं मोबाइलच्या पडद्यावर आपल्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडील बंधूंना, भेटतो. गेल्या वर्षीं जानेवारीअखेर त्यानें शाळेंत बसविलेलें एक गाणें म्हणून दाखविलें. कॅन्सस हें २९ जानेवारी १८६१ रोजीं अमेरिकन संघराज्यांत दाखल झालें. तो दिवस तेथील शाळांतून साजरा होतो, आणि मुलें त्या दिवशीं संस्थानाचें अधिकृत गीत म्हणतात. त्या गीताचें नांव 'होम ऑन द रेंज'. चाल संथ, सोपी, एकदां ऐकली कीं ओठांवर बसणारी. दादांनीं विचारलें, "बाळ, हें कशाचें गाणें रे?" तो म्हणाला, "आजोबा, हें आमच्या घराचें गाणें."

दादा कांहीं बोलले नाहींत. कोंकणांतील वडिलोपार्जित घर त्यांनीं चाळीस वर्षें दर उन्हाळ्यांत पुण्याहून जाऊन शाकारून घेतलें आहे, तें कोणासाठीं, हें आम्ही सर्व जाणतों. दुपारीं जेवतांना ते एवढेंच म्हणाले, "परमुलुखाचें गाणें म्हणावयास हरकत नाहीं. पण तें 'आमचें' कसें?" वहिनी वाढतां वाढतां म्हणाल्या, "मी या घरीं आलें तेव्हां तुमच्या कुलस्वामिनीची आरती मला तरी कोठें येत होती? आतां तुम्ही अडतां, तेथें मी पुढें सांगतें." दोघांचेंहि म्हणणें मला पटलें. अशा पेंचांत आयुष्यभर इतिहास शिकविलेला मनुष्य जें करील तेंच मीं केलें. पुस्तकें काढून बसलों.

प्रथम त्या संस्थानाच्या टोपणनांवाचें सांगतों, कारण तें प्रकरण लहान आहे. कॅन्ससला 'सूर्यफुलांचें संस्थान' म्हणतात. त्याच्या जोडीला 'जेहॉकर' हें आणखी जुनें नांव आहे. १८५४ पासून पांचसहा वर्षें त्या मुलुखांत गुलामगिरीचे पक्षपाती आणि तिचे विरोधक यांच्यामध्यें जाळपोळ व रक्तपात चालला होता. त्यांतील विरोधकांच्या टोळ्यांना चिकटलेलें हें नांव. त्याला लुटारूपणाचा थोडा वास होता. सूर्यफूल त्या मानानें निरुपद्रवी, परंतु तें कवीच्या दृष्टीनें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें तणच, आणि त्याच्या उच्चाटनाची गोष्ट १८९५ च्या सुमारास विधिमंडळापर्यंत गेली होती. पुढें आठ वर्षांनीं, १९०३ सालीं, त्याच विधिमंडळानें त्या तणाला संस्थानाचें अधिकृत फूल ठरविलें! ठरावाचे जनक जॉर्ज मोरहाउस. शेजारच्या कोलोरॅडोंतील एका मेळाव्यास गेलेलीं कॅन्ससचीं माणसें एकमेकांस ओळखूं यावें म्हणून अंगावर सूर्यफुलें लावून आलीं होतीं. तें पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असें सांगतात. म्हणजे घरच्या रानांत जें उपटून टाकावयाचें, तेंच परगांवीं गेल्यावर आपलेपणाची खूण झालें. परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांना पिठलें-भाकरीचा जो पुळका येतो, त्याची जात हीच.

येथें एक आडवाटेची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सूर्यफूल मूळचें उत्तर अमेरिकेचेंच. तेथील आदिवासींनीं हजारों वर्षांपूर्वीं तें लागवडीखालीं आणलें. तेथून तें युरोपांत गेलें, रशियांत त्याची तेलबी झाली, आणि १९६९ सालीं रशियन वाणांच्या रूपानें तें पीक म्हणून हिंदुस्थानांत आलें. पुढें लातूरकडील शेतें त्यानें पिवळीं झालीं. आमच्या घरीं आज फोडणीला जें तेल पडतें, त्याचें कुळ हें असें आहे. मीं हें दादांना सांगितलें. ते म्हणाले, "तेल परकें चालतें, मुलगा परका होऊन चालत नाहीं." माझें इतिहासाचें ज्ञान तेथेंच संपलें.

आतां गाण्याकडे वळतों.

१८६२ च्या कायद्यानें अमेरिकेच्या सरकारनें पश्चिमेकडील जमीन वसाहतवाल्यांना देऊं केली होती. १६० एकरांचा तुकडा घ्यावा, त्यावर घर बांधून पांच वर्षें राहावें, कसावा, म्हणजे तो आपला. या सोयीचा लाभ घेऊन १८७१ सालीं ओहायोकडील डॉ. ब्रूस्टर हिग्ली नांवाचे गृहस्थ कॅन्ससच्या उत्तर सीमेवरील स्मिथ परगण्यांत येऊन राहिले. वय पन्नाशीकडे झुकलेलें. तीन संसार मृत्यूनें मोडलेले, चौथा बेबनावानें. बीव्हर नांवाच्या ओढ्याकाठीं त्यांनीं एका खोलीचें घर उभारलें, आणि १८७२ च्या सुमारास एक कविता लिहिली. तिचें नांव 'माय वेस्टर्न होम'. स्नेह्यांच्या आग्रहावरून ती १८७३ सालीं तेथल्या एका लहानशा स्थानिक पत्रांत छापली गेली, आणि डॅनियल केली नांवाच्या, सुतारकाम करून फिडल वाजविणाऱ्या मित्रानें तिला चाल दिली. आसपासच्या नाचगाण्याच्या बैठकींतून ती गाइली जाऊं लागली.

कवितेंत मोकळें रान आहे, गवे आहेत, हरणें आहेत, स्वच्छ हवा आहे, रात्रीचें तारांगण आहे. जें नाहीं तेंहि पाहण्यासारखें आहे. १८७४ च्या उन्हाळ्यांत कॅन्ससवर टोळधाड आली. ती इतकी भयंकर कीं उभें पीक तर गेलेंच, पण दोरीवर वाळत घातलेले कपडेहि टोळांनीं खाल्ल्याच्या आठवणी लोकांनीं लिहून ठेवल्या आहेत. आणि ज्या गव्यांच्या उल्लेखानें गाण्याचा आरंभ होतो, त्यांची कातड्यांसाठीं घाऊक कत्तल नेमकी त्याच दोनतीन वर्षांत चालली होती. डॉज सिटीच्या रेल्वे-स्थानकावरून कातड्यांच्या गाड्यांमागून गाड्या पूर्वेकडे रवाना होत होत्या. डॉक्टरांनीं जें गाइलें तें गातां गातांच नाहींसें होत होतें. याबद्दल त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. घरावरचें गाणें लिहिणारा मनुष्य बहुधा घराची यादी करीत नाहीं. तो आपल्या जिवाला विसांवा शोधीत असतो. चार संसारांच्या पडझडीनंतर या मनुष्याला एक खोली, एक ओढा आणि पुष्कळसें आकाश मिळालें होतें.

यापुढील भाग मला सर्वांत मनोरंजक वाटला. गाणें गांव सोडून निघालें. गुरांचे कळप हांकीत टेक्सासहून उत्तरेकडे येणाऱ्या गुराख्यांनीं तें उचललें; कोलोरॅडोंतील खाणकामगारांनीं त्यांत आपल्या मुलुखाचें नांव घातलें. मूळ कवितेंत सॉलोमन नदीचें खोरें होतें, बीव्हर ओढ्याचे कांठ होते. दूरच्या माणसांना हीं नांवें काय होत? तीं गळालीं. उलट, आज ज्या शब्दानें गाणें ओळखलें जातें तो 'रेंज', म्हणजे गुरांचें मोकळें चराऊ रान, मूळ कवितेंत नव्हताच. तो वाटेंत कोणा गुराख्यानें घातला, आणि इतका चपखल बसला कीं गाण्याचें नांवच तें झालें. आजीच्या ओव्यांत नदी बदलली, तसाच हा प्रकार. घराचें गाणें साऱ्या देशाला आवडलें तें त्यांतील घराचा पत्ता पुसला गेल्यावर!

१९१० सालीं जॉन लोमॅक्स या संग्राहकानें गुराख्यांच्या गाण्यांचें पुस्तक काढलें; त्यांत हें गाणें आलें. त्यांना तें टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथें एका कृष्णवर्णी गुत्तेवाल्याकडून मिळालें होतें. हा गृहस्थ पूर्वी गुराख्यांच्या तांड्याबरोबर स्वयंपाकी म्हणून हिंडलेला. पुस्तकांत कर्त्याचें नांव नाहीं. त्या वेळीं डॉ. हिग्ली ओक्लाहोमांत वृद्धपणीं जिवंत होते. कॅन्सस सोडून त्यांना पुष्कळ वर्षें झालीं होतीं. पुढल्याच वर्षीं, १९११ सालीं, ते वारले. ज्याच्या घराचें गाणें, त्याचा देहहि त्या घरीं पडला नाहीं.

त्यानंतर ध्वनिमुद्रिका आल्या, रेडिओ आला. १९३२ सालीं फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष निवडून आले, त्या रात्रीं वार्ताहरांनीं त्यांच्या दाराशीं हेंच गाणें म्हटलें, आणि तें त्यांचें आवडतें गाणें म्हणून देशभर गाजलें. जेथें कीर्ति तेथें पैसा, आणि जेथें पैसा तेथें दावा. १९३४ सालीं ॲरिझोनांतील गुडविन नांवाच्या दांपत्यानें कोर्टांत धांव घेतली. 'ॲन ॲरिझोना होम' नांवाचें त्यांचें गीत १९०५ सालीं नोंदलेलें होतें. तेंच चोरून हें गाणें केलें, सबब पांच लाख डॉलर भरपाई द्यावी, असा त्यांचा दावा. रेडिओवाल्यांनीं भीतीनें गाणें लावणेंच बंद केलें. प्रकाशकांच्या संघानें सॅम्युएल मोनफेल्ट या वकिलाला शोधास पाठविलें. आरंभीं ज्याच्या भटकंतीस मी हंसलों, तोच हा. डॉज सिटींतील म्हाताऱ्या गुराख्यांनीं सांगितलें कीं १९०५ च्या किती तरी आधीं आम्ही हें म्हणत होतों. माग काढीत काढीत तो स्मिथ परगण्यांत पोंचला. तेथें केलीच्या पत्नीचा भाऊ क्लॅरेन्स हार्लन ऐंशीच्या पुढें वय असतां हयात होता. बासष्ट वर्षांपूर्वीं शिकलेलें गाणें त्यानें, मध्यें छापील कागद न पाहतां, मूळ शब्दांनिशीं म्हणून दाखविलें. १८७६ सालच्या एका स्थानिक पत्राचा अंकहि सांपडला, त्यांत कविता छापलेली होती. दावा बारगळला. आणि ज्या सॉलोमन-बीव्हरच्या नांवांना जगानें निरुपयोगी म्हणून टाकलें होतें, त्यांनींच शेवटीं गाण्याचें कूळ सिद्ध केलें.

१९४७ सालीं कॅन्ससनें हें आपलें अधिकृत गीत म्हणून कायद्यानें मान्य केलें. (आपल्या महाराष्ट्रानें राजा बढे यांनीं लिहिलेलें व शाहीर साबळे यांनीं गाइलेलें गीत राज्यगीत म्हणून २०२३ सालीं स्वीकारलें. तें त्यापूर्वीं कित्येक वर्षें लोकांच्या तोंडीं होतेंच. सरकार या बाबतींत कोठेंहि लोकांच्या मागूनच येतें.)

इतकी माहिती जमल्यावर योगायोगानें त्याच वर्षीं ऑगस्टांत मला पुतण्याकडे जाण्याची संधि मिळाली. विचिटाहून साडेतीन तासांच्या मोटारप्रवासावर तो परगणा आहे. बरोबर नातू होता. रस्त्याच्या दुतर्फा रानटी सूर्यफुलें फुललेलीं. पोस्टरांत असतें तसें ताटाएवढें फूल नव्हे, बोटभर पाकळ्यांचें, एका झाडाला वीसपंचवीस, खरोखर तणासारखें. डॉक्टरांचें घर डागडुजी करून जपलें आहे. ओंडक्यांच्या भिंती, एक खोली, समोर ओढ्याची झाडी. गवे, हरणें कांहीं दिसलीं नाहींत. मक्याचीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलेलीं. अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस संस्थानांचा भौगोलिक मध्यहि याच परगण्यांत, लेबनन गांवाजवळ येतो. दादांच्या नातवानें घराला एक प्रदक्षिणा घातली आणि मला विचारलें, "धाकटे आजोबा, डॉक्टर येथें यायच्या आधीं येथें कोणाचें घर होतें?"

इतक्या पुस्तकांतून हा प्रश्न माझ्या मनांत आला नव्हता, त्याच्या आला.

त्या नदीखोऱ्यांतून पॉनी लोक शिकारीस येत असत. आणि ज्यांच्या नांवावरून संस्थानालाच नांव पडलें ते कॅन्सा किंवा कॉ लोक तेथून आग्नेयेस, कौन्सिल ग्रोव्ह गांवाजवळच्या राखीव भूमींत राहत होते. त्यांच्या नांवाचा अर्थ 'दक्षिणवाऱ्याचे लोक' असा सांगतात. त्यांची भूमि एकामागून एक करारांनीं आकसत गेली होती. शेवटीं १८७३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं डॉक्टरांची घरावरची कविता छापून आली त्याच वर्षीं, सरकारनें त्या सर्वांना उठवून दक्षिणेस, हल्लींच्या ओक्लाहोमांत नेलें. संस्थानाला नांव दिलें त्यांनीं, आणि संस्थानांत जागा उरली नाहीं ती त्यांनाच. मूळ कवितेंत त्यांचा उल्लेख नाहीं. १९१० च्या पुस्तकांतील पाठांत मात्र कोणीं तरी भर घातलेलें एक कडवें आहे. पश्चिमेच्या या भागांतून तांबड्या माणसाला रेटून काढलें, तो बहुधा पुन्हा परतणार नाहीं, अशा अर्थाचें. शाळेंत तें शिकवीत नाहींत.

यांतच एका नातवाची गोष्ट आहे. चार्ल्स कर्टिस हा मुलगा १८६० सालीं टोपिका येथें जन्मला. आईकडून तो कॉ वंशाचा. लहानपणीं कांहीं वर्षें तो कौन्सिल ग्रोव्हच्या राखीव भूमींत आजीआजोबांपाशीं वाढला. पुढें जमात दक्षिणेकडे निघाली तेव्हां तोहि बरोबर जावयास निघाला. आजीनें त्याला समजाविलें कीं आमच्याबरोबर आलास तर तुझें शिक्षण नाहीं, भविष्य नाहीं. तूं टोपिकाला परत जा आणि शाळा शीक. आजी जमातीबरोबर गेली. नातू परत फिरला. तो वकील झाला, सिनेटर झाला, आणि १९२९ सालीं अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. मधल्या काळांत, १८९८ सालीं, त्याच्याच नांवानें ओळखला जाणारा जो कायदा झाला, त्यानें ओक्लाहोमाकडील कित्येक जमातींचीं स्वतःचीं सरकारें मोडलीं. आणि १९०२ सालीं कॉ लोकांच्या भूमीचीहि वांटणी होऊन त्यांचें सरकार विसर्जित झालें. त्याला वाटे कीं आपल्या लोकांचें हित यांतच आहे. १९३२ च्या निवडणुकींत हूव्हर यांच्याबरोबर तो पराभूत झाला. रूझवेल्टांच्या दाराशीं वार्ताहर कॅन्ससच्या घराचें गाणें गात होते, त्या रात्रीं पडलेला उपराष्ट्राध्यक्ष हा असा कॅन्ससचा होता, आणि कॅन्सस ज्यांचें नांव त्यांचाहि होता.

पुण्यास परतल्यावर मीं ही हकीकत दादांना वाचून दाखविली. गाण्याच्या खटल्याचा भाग त्यांनीं मिटल्या डोळ्यांनीं ऐकला. कर्टिसच्या आजीपाशीं आल्यावर ते म्हणाले, "तेवढें पुन्हां वाच." मीं वाचलें. बराच वेळ थांबून त्यांनीं विचारलें, "तिला तो पुन्हां भेटला का?" मला उत्तर देतां आलें नाहीं. वहिनी आंत निघून गेल्या. त्यानंतर 'आमचें' या शब्दावर आमच्या घरांत वाद झालेला नाहीं. मात्र कोंकणांतील घर शाकारण्याचा खर्च यंदा पुतण्यानें न सांगतां पाठविला, आणि दादांनीं तो परत केला नाहीं.

नातवाच्या प्रश्नाचें राहिलेलें उत्तर मीं त्याला पत्रानें लिहिलें आहे. कॉ लोकांची एक पवित्र शिळा होती. तांबड्या दगडाची, प्रचंड. टोपिकाजवळ, कॅन्सस नदीला एक ओढा मिळतो तेथें ती उभी असे, आणि ते तिच्यापुढें प्रार्थना करीत, गाणीं म्हणत. १९२९ सालीं लॉरेन्स शहराचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला, तेव्हां ती तेथून उचलून शहराच्या बागेंत आणली आणि शहर वसविणाऱ्या गोऱ्यांच्या नांवांची पाटी तिच्यावर बसविली. जवळजवळ शंभर वर्षें ती तशीच होती. कॉ राष्ट्रानें मागणी केली; २०२१ सालीं शहरानें ती मान्य करून जुन्या कृत्याबद्दल क्षमा मागितली. कौन्सिल ग्रोव्हजवळ आपल्या जुन्या भूमीचा एक तुकडा कॉ लोकांनीं या शतकाच्या आरंभीं पैसे देऊन विकत घेतला आहे, आणि तेथें २०२४ च्या उन्हाळ्यांत त्या शिळेची पुनःस्थापना झाली. गोऱ्यांच्या नांवांची पाटी आतां तिच्यावर नाहीं. विचिटाहून ती जागा दोन तासांच्या वाटेवर आहे, असें मीं पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे.